कुहीकरांचा बैल

१

"मॅडम, आमचा बैल चोरीला गेला," रजत कुहीकर फोनवर म्हणाला. मी नागपूरजवळ बेसाला माझ्या घरी गॅलरीत चहा घेत होते.

"मग पोलिसात जा. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. मला बैलातलं काय कळतं?"

"लाकडी बैल, मॅडम. तान्ह्या पोळ्याचा."

मग मात्र मी कप खाली ठेवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि घराघरांतून त्यांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ नाहीतर चिल्लर पडते. बहुतेकांचे बैल हातात मावणारे. कुहीकरांचा मात्र वासराएवढा, सागवानी, चाकांवर उभा असलेला. सक्करदऱ्यात त्यांच्या बंगल्यासमोर तो निघाला की मागे पोरांची जत्रा लागते. मी स्वतः पोळा करत नाही, आमच्या घरात ती रीत नाही, पण हा बैल न पाहिलेला नागपूरकर मला अजून भेटायचा आहे.

आणि त्या बैलाची दोरी धरणारा माणूस म्हणजे कुहीकर घराण्याचा कर्ता, हे शहराला ठाऊक आहे. आधी रजतचे आजोबा दादासाहेब कुहीकर, मंत्री होते ते. मग रजतचे वडील. ते गेल्यावर काका ओमप्रकाश. यंदा दोरी पहिल्यांदा रजतच्या हातात येणार होती.

रजत आमच्या बँकेत नवा अधिकारी म्हणून लागला तेव्हा मी दक्षता विभागात होते. कुलूप न तुटता पैसा बाहेर कसा गेला, हे शोधायचं माझं काम. मी, गजभिये मॅडम, शाखेत आले की लोकांना एकाएकी रजा आठवायच्या. रजत मात्र माझ्यामागे वही घेऊन फिरायचा. पुढे तो मुंबईला मोठ्या खाजगी बँकेत गेला, वर चढला आणि गेल्या वर्षी सगळं सोडून राजकारणात उतरला. बँकेत होता तोवर माझा लाडका होता. राजकारणात गेल्यावर मी त्याला शुभेच्छा दिल्या आणि फोन कमी केले.

"आज संध्याकाळी पक्षाचे निरीक्षक येताहेत," तो म्हणाला. "तिकीट मला की काकांच्या अंकुशला, ते आज ठरणार. दोरी माझ्या हातात दिसली की विषय संपला. बैलच नसला तर काका म्हणतील, पोराला घरातला बैल सांभाळता येत नाही, मतदारसंघ काय सांभाळणार?"

"बैल ठेवला कुठे होता?"

"दोन कुलपांच्या आत. एक किल्ली माझ्याकडे, एक काकांकडे. दोन्ही कुलपं जशीच्या तशी आहेत."

मी साडी बदलायला उठले.

२

बंगल्याच्या फाटकावर मोठं बॅनर होतं. त्यावर हात जोडलेला रजत, शेजारी बैल आणि खाली ओळ: दादासाहेबांनी स्वतःच्या हातांनी कोरलेला वारसा. दादासाहेबांना मी लहानपणी सभेत पाहिलं होतं. त्या हातांनी पेन्सिलला टोक काढलं असेल असंही वाटत नव्हतं. पण निवडणुकीच्या बॅनरवर कोण वाद घालतो?

बैलाची खोली देवघराला लागून होती. खिडकी नाही, दार एकच, दाराला दोन जाड कुलपं. दोन किल्ल्यांची व्यवस्था रजतनेच यंदा आणली होती. बँकेची तिजोरी अशीच असते, दोघं हजर असल्याशिवाय उघडत नाही. काकांनी बैल परस्पर हलवू नये म्हणून त्यांना एक किल्ली, आणि काकांना तसंच रजतबद्दल वाटत होतं म्हणून एक त्याला.

"काल संध्याकाळी आरती झाली," रजत सांगू लागला. "आमच्या रीतीप्रमाणे बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळलं. मग आईने बैल आत नेऊन झाकला. झाकायचा मान घरच्या सुनेचा असतो. आम्ही सगळे पुरणपोळीला बसलो. जेवून उठल्यावर काका आणि मी दोघांनी मिळून कुलपं लावली. सकाळी दोघांनी मिळून उघडली. मी चादर ओढली तर खाली हा."

'हा' म्हणजे एक जुना पाळणा होता. त्यात गादीची वळकटी उभी करून ठेवलेली, वशिंडासारखी.

"चोराने रात्री बैल नेला आणि लगेच कळू नये म्हणून हे सोंग उभं केलं," रजत म्हणाला. आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "काकांनी माझ्या किल्लीची नक्कल करून घेतली असणार. तुम्ही तेवढं निरीक्षकांसमोर सांगा. तुमच्या शब्दाला वजन आहे."

मला राग आला. चोर कोण ते त्याचं आधीच ठरलं होतं, खाली फक्त माझी सही पाहिजे होती. बँकेतही मोठे साहेब असंच करायचे आणि तेव्हाही मला असाच राग यायचा.

"आधी तपास, मग सही," मी म्हटलं आणि चादर उचलली. चांगली मोठी पांढरी चादर होती. उजेडाला धरली, उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला. साबणाचा वास आला.

"ही तीच चादर? सकाळपासून कोणी बदलली नाही?"

"तीच. मीच काढली, सगळ्यांच्या देखत. काही सापडलं का?"

"काहीच सापडलं नाही," मी म्हटलं. आणि मला तेच सापडलं होतं.

३

ओमप्रकाशजी दिवाणखान्यात सोफ्यावर बसले होते. पांढरा कुडता, कपाळावर गंध, चेहऱ्यावर दुःख. दुःख चेहऱ्यावर नीट बसलं नव्हतं.

"मॅडम, मी साफ सांगतो. बैल यानंच गायब केला," ते म्हणाले. "याले सहानुभूती पाहिजे. संध्याकाळी हा निरीक्षकापुढे रडीन, म्हणीन काकानं चोरला. मी इतके वर्ष दोरी धरली, एक डाव बैलाले ओरखडा आला नाही. हा बँकवाला आला अन् दोन दोन कुलपं लावून राहिला. घरात कुलूप लावते का कोणी?"

"किल्ली रात्री कुठे होती?"

"जानव्याले बांधून होती. आंघोळ कराले गेलो तरी सोडली नाही."

"कुलूप लावताना बैल पाहिला तुम्ही?"

"पाहिला नं! डोळ्यानं पाहिला."

"तोंड कुठे होतं त्याचं?"

त्यांनी एकदा खोलीच्या दिशेने पाहिलं. "भिताडाकडे. नेहमीच रायते."

मग मी रजतला अंगणात बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला.

"दाराकडे," तो लगेच म्हणाला. "सकाळी थेट बाहेर काढता यावा म्हणून."

"नक्की?"

"मॅडम, मी तिथेच उभा होतो. काकांनी किल्ली अर्धीच फिरवली, मी त्यांना पुन्हा फिरवायला लावली. माझं लक्ष होतं."

"लक्ष होतं हे दिसतंच आहे," मी म्हटलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

अंकुश मोबाईलमध्ये डोकं घालून फाटकाशी उभा होता. तिशीचा, अंगाने दणकट, डोळ्यांवर चष्मा, रात्री जागल्याची खूण चेहऱ्यावर. त्याने एका दमात सांगितलं की आरती संपायच्या आधीच तो मित्रांबरोबर इतवारीत मारबतीची, म्हणजे तान्ह्या पोळ्याला मिरवून जाळतात त्या पुतळ्याची, तयारी पाहायला गेला आणि परत आला तेव्हा खोलीला कुलूप होतं. मित्रांचे फोटो दाखवले. फोटोंत हा होता, मागे पिवळ्या मारबतीचा सांगाडा होता.

"काकू, खरं सांगू का?" तो म्हणाला. "मले तिकीट पाहिजेच असं काही नाही. बाबाले पाहिजे."

मला तो आवडला. पण आवडलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, ही माझी नोकरीतली सवय अजून गेलेली नाही. म्हणून मी अंगणात एक चक्कर मारली आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या छोट्या टेम्पोपाशी पोहोचले. मागच्या फळ्यांवर एका बाजूला, कमरेच्या उंचीवर, पिवळा चिकट पट्टा होता. मी बोट लावून वास घेतला. तूप.

४

टेम्पो चालवणारा नत्थू याच घरात म्हातारा होत आलेला. मी त्याला टेम्पोपाशी बोलावलं.

"काल संध्याकाळी गाडी कुठे गेली होती, नत्थूभाऊ?"

"भाड्याच्या खुर्च्या वापस द्याले गेलो होतो, बाई."

"खुर्च्यांना हळद-तूप कोणी लावलं?"

त्याने मान खाली घातली. "मले काही विचारू नका. ज्यायचं मीठ खाल्लं, त्यायचं मी आयकतो."

तेवढ्यात ओमप्रकाशजी मागून आले आणि त्यांनी पट्टा पाहिला. मग काय, आरडाओरडा सुरू झाला. पोलिसांना बोलवा, याला आत टाका, यानंच विकला असंल. रजत धावत आला आणि ओरडला, की नत्थूला काकांनीच पाठवलं असणार. काका म्हणाले तू पाठवलं. दोघंही एका वेळी बोलत होते. नत्थू मधे उभा होता आणि दोघांच्याही तोंडाकडे बघत नव्हता.

"सगळे दिवाणखान्यात चला," मी म्हटलं. माझा आवाज अजून तसाच आहे. शाखाधिकारी जसे निमूट यायचे तसे ते निमूट आले.

"कुलूप लावताना बैल पाहिला, असं तुम्ही दोघंही सांगता," मी सुरुवात केली. "ओमप्रकाशजी म्हणतात, तोंड भिंतीकडे होतं. रजत म्हणतो, दाराकडे होतं. एकाच बैलाला दोन तोंडं नसतात. तुम्ही दोघांनीही बैल पाहिला नाही. तुम्ही चादर पाहिली आणि एकमेकांचे हात पाहिले. रजत, काकांनी किल्ली किती फिरवली ते तुला आठवतं, बैल कसा होता ते आठवत नाही. दोन किल्ल्यांच्या तिजोरीत आम्ही हेच पकडायचो. दोघांचं पटत असलं की दोघंही बेफिकीर असतात. पटत नसलं तर त्याहून वाईट. दोघं एकमेकांवर पहारा करतात आणि मालाकडे कोणीच बघत नाही."

"मंजे?" काका म्हणाले.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून पाळण्याला दोन कुलपं लावली."

मी चादर उलगडून टेबलावर पसरली.

"खांद्याला हळद आणि तूप चोळलेल्या बैलावर रात्रभर पडलेली चादर अशी पांढरी राहते का? एक डाग नाही. टेम्पोच्या फळीला नुसतं घासल्याने पट्टा उठला आणि चादर कोरी? ही चादर बैलावर पडलीच नाही. रात्री कोणी आत आलं नाही, कोणी किल्लीची नक्कल केली नाही. तुम्ही पुरणपोळी वाढून घेत होतात तेव्हाच बैल मागच्या दाराने टेम्पोत चढला होता. बाहेर पोळ्याचे ढोल वाजत होते, चाकांचा आवाज कोणाला जाणार?"

"नत्थूच!" काका म्हणाले.

"नत्थूने गाडी चालवली. पण देवघराजवळच्या खोलीत पाळणा ओढून, गादी रचून, वर चादर टाकायला नत्थू गेला असता तर तुम्ही सगळ्यांनी त्याला हटकलं असतं. तिथे जाताना ज्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही असा माणूस घरात एकच. चादर कोणी टाकली?"

रजतचा चेहरा उतरला. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागला.

५

शोभाताई, रजतची आई, दारातच उभ्या होत्या. हातात पोरांना बोजारा द्यायच्या लाडूंची परात होती. त्यांनी ती आधी खाली ठेवली.

"मीनं टाकली," त्या म्हणाल्या. "नत्थूले कोणी काही म्हणू नका. त्याले मीनं सांगतलं तसं त्यानं केलं."

"वहिनी!" ओमप्रकाशजी उभे राहिले. "काहून?"

"काहून ते तुमाले मालूम आहे, भाऊजी. तुमी तवा मोठे होते, त्या गाडीत बसून होते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "माझं माहेर पारशिवनीचं, बाई. आमच्या शेजारी सुकाजी सुतार होते. हा बैल त्यायनं कोरला. मी लहान होती तवा तान्ह्या पोळ्याले याची दोरी मीनं ओढली आहे. सुकाजीची पोरगी बायजा पुढं अन् मी मागं. मामाजी, माझे सासरे, तवा मंत्री होते, दौऱ्यावर आले, बैल आवडला. म्हणे एका पोळ्यापुरता नेतो, पोळा झाला की आणून देतो. सरकारी गाडीत घालून नेला. मंग कोणी आणून देल्ला नाही. सुकाजी दोन डाव या फाटकावर येऊन गेले. त्यायले चहा पाजून वापस धाडलं."

"अन् तुम्ही लग्न होऊन इथेच आलात," मी म्हटलं.

"उंबरठा ओलांडला तं समोर हाच उभा. मीनं त्याले वळखलं. नव्या सुनेनं काय म्हणावं? रजतच्या बाबाले सांगतलं, ते म्हणे चूप राय. मी चूप रायली. जिंदगीभर चूप रायली." त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. "पण तो फाटकावरचा कागद लागला अन् माझं डोकं फिरलं. मामाजीनं कोरला म्हणे! चोरून आणला तो आणला, वरून सुकाजीचे हातही चोरले. मीनं या पोराले सांगतलं. दोन डाव सांगतलं. हा मले काय म्हणला, विचारा."

रजतने डोळे मिटले. "मी म्हणालो, इतक्या वर्षांनी दावा कालबाह्य होतो."

मला हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. ते उत्तर बरोबर होतं. बँकेच्या परीक्षेत त्याला मीच त्यावर पूर्ण गुण दिले असते, आणि म्हणून मला लाज वाटली.

ओमप्रकाशजींनी मात्र वेळ घालवला नाही. "झालं ते झालं. निरीक्षक याले अजून वेळ आहे. गाडी काढा, बैल वापस आणा. त्या बुढीले नवा चांगला बैल करून देऊ." पहिल्यांदाच काका आणि पुतण्या एका बाजूला आले.

"मी जातो," रजत म्हणाला.

"जाय," शोभाताई म्हणाल्या. "मी अडवत नाही. फक्त नत्थूले पाठवू नको. बायजाच्या हातातून दोरी तुह्या हातानं सोडवून घेजो."

६

मीही रजतबरोबर निघाले. पारशिवनीपर्यंत तो गाडी चालवत भरभर बोलत होता. बायजाबाईंना नवा बैल, तोही मोठा. सुकाजींचं नाव बॅनरवर टाकू. दरवर्षी त्यांच्या घरच्यांना बोलावून सत्कार करू. सगळं ऐकायला चांगलं होतं. कर्ज बुडवणारे मोठे लोकही हप्ते असेच सुंदर बांधून आणायचे, मी खिडकीबाहेर बघत बसले.

गल्लीच्या तोंडाशीच गलका ऐकू आला. बैल रस्त्याच्या मधोमध उभा होता. शिंगांना फुगे, गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर कोणाची तरी चमचमती ओढणी. चिल्ल्यापिल्ल्यांची झुंड त्याच्याभोवती. ओट्यावर एक वाळकी म्हातारी बसली होती आणि दोरीचं टोक तिच्या हातात होतं.

तिने रजतकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि चेहरा फुलला.

"तू शोभाचा पोरगा नं गा? नाक तिचंच आहे. ये, ये. नत्थूनं शोभाचा निरोप देल्ला, का बैल तूच पाठवला म्हणून. रातभर झोपली नाही मी. बाबा मरेपावतर म्हणे, मंत्री माणूस आहे, शब्द देल्ला तं आणून देईनच. आम्ही हासो त्याले. आज्याचा शब्द नातवानं पाळला बापा."

रजत काही बोलला नसता तरी चाललं असतं. मीही काही बोलले नसते.

"आजी," तो म्हणाला, "मी नाही पाठवला. आईने पाठवला, मला न सांगता. मी परत न्यायला आलो."

पोरांचा गलका चालूच होता. बायजाबाईंचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी रजतकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गाडीकडे. आणि दोरीचं टोक पुढे केलं.

"मंग ने. तुमा लोकायले कोन अडवते?"

सकाळपासून ज्या दोरीसाठी एवढा जीव टांगणीला लागला होता, ती रजतच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. त्याने हात पुढे केला नाही. खिशात फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि उचलला.

"हो साहेब. हो, बैल सापडला." समोरून बरंच काही बोललं गेलं. रजत ऐकत राहिला. "नाही साहेब, संध्याकाळी बैल नसेल. काल चोरी झालीच नाही. चोरी माझ्या आजोबांनी केली होती. बैल आता घरी आलाय." पुन्हा बोलणं झालं, या वेळी आवाज मलाही ऐकू येत होता. "विचार करूनच बोलतोय. आज संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे, आणि फाटकावरचं बॅनरही काढणार आहे... समजलो साहेब. अंकुश चांगला मुलगा आहे."

त्याने फोन बंद केला. एवढ्या वर्षांत मी त्याला इतका घाबरलेला पाहिला नव्हता आणि त्याचा इतका अभिमानही मला कधी वाटला नव्हता.

"कोनाचा फोन गा?" बायजाबाईंनी विचारलं.

"तिकीट देणाऱ्यांचा, आजी."

"देते म्हणे?"

"नाही देत म्हणे."

बायजाबाईंनी जरा विचार केला. दोरी एका पोरीच्या हातात दिली आणि गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"मंग आता घाई नाही नं तुले," त्या म्हणाल्या. "जेवाले बस."